शामकलाला लिहिलेली पत्रं

शामकला गेली आणि महिनाभरात तिची मुलगी पुष्पांजली साकोलीहून गोंदियाजवळच्या कुडव्याला आली. हातात साडीच्या दुकानातली कापडी पिशवी होती. ती वच्छलाबाईंच्या पुढ्यात ठेवत म्हणाली, "मावशी, आईच्या कपाटात सापडली. तुमचीच आहेत. आमच्या घरी वाळवी फार, म्हणून आणून दिली."

पिशवीत अंतर्देशीय पत्रं होती. निळी, घड्यांवर झिजलेली. वच्छलाबाईंनी चष्मा पुसून लावला, तरी ते अक्षर आपलं आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागला. एकोणिसाव्या वर्षीचं अक्षर होतं ते. ताठ, घाईचं, कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं.

भंडाऱ्याच्या अध्यापक विद्यालयातून दोघी मैत्रिणी बरोबरच बाहेर पडल्या होत्या. शामकलाचं लगेच लग्न झालं. वच्छलाला नेमणूक मिळाली ती सावरबोडीला, अर्जुनी मोरगावच्याही पुढे, जंगलाच्या कडेला. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, सगळं भंडाऱ्यातच. गाव धानाचं, मधोमध मोठा तलाव, तलावाच्या एका बाजूला शेतकऱ्यांची घरं आणि दुसऱ्या बाजूला, पाळीच्या म्हणजे बांधाच्या पलीकडे, गोंडांची वस्ती, टोली. गावात मोकळेपणानं बोलावं असं एकही माणूस नव्हतं. म्हणून ती लिहायची. टपालवाला बाजाराच्या दिवशी यायचा, आणि त्याच्या हाती शामकलासाठी पत्र गेलं नाही असा बाजार क्वचितच गेला असेल.

सूनबाईंनी, रीतानं, त्यातल्या एका पत्राचा फोटो काढून निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत सावरबोडीला पोचला, आणि आठ दिवसांत हिमांशु दारात उभा.

हिमांशु सावरबोडीच्या उमराव पाटलांचा नातू. गोंदियात त्याचा बांधकामाचा धंदा होता, चाळिशीतला माणूस, बोलायला गोड. आल्याआल्या वच्छलाबाईंच्या पाया पडला.

"मॅडम, आपल्या शाळेला पंचाहत्तर वर्षं होऊन राहिली. मोठा कार्यक्रम ठेवला आहे, स्मरणिका काढतो आहोत. मी समितीचा अध्यक्ष. तुमची पत्रं त्यात आली ना, तर मजा येईल. त्या काळच्या शिक्षिकेचं मन, असं शीर्षक देऊ."

वच्छलाबाईंना बरं वाटलं. का वाटू नये? शहात्तर वर्षांच्या बाईच्या लिहिण्याला कोण विचारतं? त्यांनी पत्रं पुढे केली. हिमांशुनं एकेक उलगडून मोबाईलवर फोटो घेतले.

"जसं लिहिलं तसंच छापजो बाबा," त्या म्हणाल्या.

"एक शब्द बदलणार नाही, मॅडम."

छापण्याआधीची पानं आली तेव्हा अक्षर बारीक होतं, म्हणून रीता वाचायला बसली. वच्छलाबाई खाटेवर डोळे मिटून ऐकत होत्या. तलाव, त्यातली कमळं, पहाटेची थंडी, चुलीच्या धुरानं लाल झालेले डोळे. ऐकताना त्यांना आपलीच गंमत वाटत होती. आणि मग रीता वाचत गेली, "आज उमराव पाटील शाळेत आले. त्यांनीच आपल्या घराची खोली शाळेला दिली आहे. तलाव त्यांच्या आजोबांनी बांधला. असे दाते गावाला लाभले हे भाग्यच."

वच्छलाबाईंनी डोळे उघडले.

"थांब. पुन्हा वाच."

रीतानं पुन्हा वाचलं.

"भाग्यच? मी हे लिहिलं नाही."

"इथं तर हेच आहे, आई."

वच्छलाबाई उठल्या, पिशवी उपसली आणि ते पत्र शोधून काढलं. पत्र त्यांनी स्वतः वाचलं, मोठ्यानं, एकेका शब्दावर थांबत.

"शामकला, आज उमराव पाटील शाळेत आले. आपल्याच जातीचे, लांबून नात्यातही लागतात, म्हणून मला एकेरी हाक मारतात. म्हणाले, टोलीची पोरं ओसरीत बसव, आत नको. त्यांनी माठाला हात लावला तर आमची पोरं पाणी पीत नाहीत. मी म्हटलं, मग तुमच्या पोरांना घरून पाणी आणायला सांगा. ते म्हणाले, खोली माझी आहे, तलाव माझ्या आजानं बांधला. मी विचारलं, आणि माती कोणी वाहिली? शामकला, आपल्या घरात तलाव बांधणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. माती वाहणाऱ्यांची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. ती मला टोलीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितली. पाळीची माती त्यांच्या बापांनी डोक्यावर वाहिली, आणि घाटावर त्यांच्या बायका अजून सगळ्यांच्या शेवटी पाणी भरतात. पाटील काठी उचलून निघून गेले. उद्या काय होतं ते कळवते."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते पुढच्या पत्रात होतं. खोलीला कुलूप लागलं होतं. वच्छलानं टोलीची पोरं घेतली आणि तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली शाळा भरवली. गावातली पोरं येईनाशी झाली. नंतर त्यांतली काही लपूनछपून येऊ लागली. योगराज नावाच्या वनरक्षकानं सागाच्या फळ्या जोडून एक फळा करून दिला. आणि थोड्याच दिवसांत भंडाऱ्याला एक निनावी अर्ज गेला की, सावरबोडीची बाई वनरक्षकाबरोबर राहते, तिच्यापासून मुलांवर वाईट संस्कार होत आहेत.

स्मरणिकेच्या पानांत कुलूपही नव्हतं आणि अर्जही नव्हता. पाळीवरची शाळा मात्र होती. तिच्याखाली लिहिलं होतं, "निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण."

"त्याला बोलाव," वच्छलाबाई रीताला म्हणाल्या.

हिमांशु रविवारी आला. वच्छलाबाईंचा मुलगा दुर्गेशही त्या दिवशी घरी होता. वीज मंडळात नोकरी, शांत स्वभाव, भांडण म्हटलं की त्याला घाम फुटायचा. चहा झाल्यावर वच्छलाबाईंनी छापील पान आणि मूळ पत्र शेजारी शेजारी ठेवलं.

"हे भाग्य कोणाचं?"

हिमांशु ओशाळला, पण लवकर सावरला. "मॅडम, थोडं एडिट करावं लागते. स्मरणिका म्हणजे खुशीचं काम. गावात टोलीची माणसं, आमची माणसं, सगळे एकत्र राहून राहिले आता. जुनं कायले उकरायचं? आजोबांचा फोटो पहिल्याच पानावर आहे."

"फोटो राहू दे. फोटो काढ म्हणून मी कुठं म्हटलं? त्याच्याबद्दल जे लिहिलं ते लिहिलं."

"तसं पाहिलं तर मग ते अर्जाचंही छापावं लागेल." हिमांशुनं आवाज खाली आणला. "ते तर तुमच्याबद्दल आहे. लोक वाचतील. मी तुमच्या इज्जतीसाठीच काढलं, मॅडम."

दुर्गेशनं मान खाली घातली. रीता स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"माझी इज्जत तुझ्या आजाच्या हातात नव्हती," वच्छलाबाई म्हणाल्या, "ती तुझ्या हातात कशी येईल? छाप ते."

"मॅडम, समिती नाही ऐकणार."

"मग काहीच छापू नको. माझं अर्धं लिहिणं छापून खाली माझं पूर्ण नाव टाकायचं, हे चालायचं नाही."

हिमांशुनं पुष्कळ समजावलं. शेवटी पत्रं काढून टाकायची असं ठरलं, आणि कार्यक्रमातल्या सत्काराला मात्र नक्की या, असं सांगून तो गेला. फाटक लागल्याचा आवाज आल्यावर दुर्गेश बोलला.

"आई, काय गरज होती? छापून आलं असतं, नाव झालं असतं. आणि ते अर्जाचं... बाबा असते तर त्यांना कसं वाटलं असतं?"

"तुझ्या बाबांना लग्नाआधीच सांगितलं होतं मी. सगळं."

"मग?"

"त्यांनी विचारलं, फळा चांगला होता का. मी म्हटलं, चांगला होता, फक्त एका कडेनं वाकला होता. ते म्हणाले, मग काही हरकत नाही."

रीता हसली. दुर्गेशला हसावं की नाही ते कळेना. तो उठून मोटारसायकल पुसायला गेला.

त्या रात्री वच्छलाबाईंनी पत्रं पुन्हा वाचली, आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. पत्रं त्यांची होती, पण त्यांत नावं टोलीच्या मुलांची होती. कोण उपाशी आलं, कोणाचा बाप कुठं दारू पिऊन पडला, सगळं शामकलाला लिहिलेलं. छाप म्हणून हिमांशुला आपण एवढ्या तोऱ्यात सांगितलं, पण त्या मुलांना कोणी विचारलं होतं? वच्छलाबाई स्वतःवरच चिडल्या. सकाळी त्या रीताला म्हणाल्या, "मी सावरबोडीला जाते."

"एकट्या कशा जाल? मी येते."

दोघी गोंदियाहून रेल्वेनं अर्जुनीला उतरल्या आणि पुढे एसटीनं गेल्या. टोलीत आता सिमेंटची घरं होती. गंगाबाईंचं घर विचारावं लागलं नाही, त्या अंगणातच धान पाखडत होत्या. पाळीवरच्या शाळेत पहिल्या ओळीत बसणारी गंगा हीच. आता केस पांढरे, चार नातवंडं. वच्छलाबाईंना पाहून तिनं सूप खाली ठेवलं आणि उठून जवळ आली.

"बाई, तुमी एवढ्या बारक्या कशा झाल्या वो? तवा तर लय उंच दिसत होत्या."

"तेव्हा तू खाली बसत होतीस म्हणून."

चहा झाला. वच्छलाबाईंनी सगळं सांगितलं, पत्रं, स्मरणिका, हिमांशु. मग गंगाच्या बापाबद्दल लिहिलेलं पत्र काढलं. बकाराम, गंगाचा बाप. त्यानं पाटलाच्या धाकानं गंगाला शाळेतून काढलं होतं, आणि वच्छला त्याच्या दारात जाऊन बसली होती, मुलगी पाठवली नाही तर मी इथंच जेवते म्हणून. बकारामच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती. तेही पत्रात होतं.

"हे कोणासमोर यावं की नाही ते तू सांग," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुझा बाप होता. तू नाही म्हटलंस तर मी ते फाडून टाकते."

"काऊन फाडता?" गंगा म्हणाली. "चूल नव्हती पेटली ते खरंच हाय. आमची चूल काऊन पेटत नव्हती ते बी लिवलं काय तुमी?"

"लिहिलंय."

"मंग झालं. वाचून दाखवा."

वच्छलाबाईंनी वाचलं. शेजारच्या दोघीतिघी येऊन भिंतीला टेकून बसल्या. वाचून झालं. मग गंगानं हात पुढे केला.

"पाटलाचं आनं अर्जाचं पत्र द्या मले. सत्काराच्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांनी बोलायचं हाय म्हणते. पाटलाच्या नातवानंच माह्यं नाव टाकलं. म्हणे, गंगाबाई, दोन गोड शब्द बोला. मी ते वाचतो."

"तुला त्रास देतील."

"कोन देते? माह्या पोराची शेती माह्या पोराच्या नावावर हाय. पाटलाच्या घरचा दाना आमी खात नाई. आनं बाई, तुमीच वाचायले शिकवलं ना मले? मंग मी वाचलं तर तुमाले काऊन भेव लागून राहिलं?"

भीती वाटत होती हे खरं होतं. आपल्यासाठी नव्हे, गंगासाठी. पण गंगानं ठरवलं होतं. परतताना अर्जुनीला एका झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी ती दोन पत्रं मोठ्या अक्षरांत करून घेतली, पाटील शाळेत आले त्या दिवशीचं आणि अर्जाचं, आणि गंगाकडे पाठवली.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मंडप होता. व्यासपीठावर गादीच्या खुर्च्या, मागे उमराव पाटलांचा मोठा फोटो, हार घातलेला. टोलीच्या बायका शेवटी, सतरंजी संपते तिथं बसल्या होत्या. वच्छलाबाईंना पहिल्या खुर्चीवर बसवलं. दुर्गेश येणार नाही म्हणाला होता, पण आदल्या रात्री त्यानंच गाडी ठरवली, बरोबर आला, आणि मंडपाच्या खांबाशी उभा राहिला.

भाषणं झाली. दाते, वारसा, तलाव. मग गंगाबाईंचं नाव पुकारलं. ती वर आली, पदर खोचला, आणि कमरेच्या पिशवीतून कागद काढला. हिमांशुच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं.

"मी दोन गोड शब्द लिवून आणले नाई," गंगा म्हणाली. "बाईनं तवा लिवले होते, तेच वाचतो."

ती बोट ओळीखाली ठेवून वाचू लागली. सावकाश, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. उमराव पाटील शाळेत आले. टोलीची पोरं ओसरीत बसव. माठाला हात. मंडपात चुळबूळ झाली. समितीतल्या कोणीतरी मंडपवाल्याकडे बोट केलं, आणि माईक बंद पडला.

गंगानं माईककडे पाहिलं, तो टेबलावर आडवा ठेवला, आणि वाचत राहिली. मागच्यांना ऐकू येईना. तेव्हा टोलीच्या बायका उठल्या आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढे येऊन व्यासपीठाला लागून जमिनीवर बसल्या. त्यांच्या पाठोपाठ पोरंही आली. कोणी त्यांना अडवलं नाही. अडवायला उठावं कोणी, हेच समितीत ठरेना.

"आनं माती कोनी वाहिली?" गंगानं वाचलं आणि थांबली.

"आमच्या आज्यानं," खालून एक म्हातारा म्हणाला. ओरडून नव्हे, कोणी नाव विचारल्यावर सांगावं तसं.

गंगानं दुसरं पत्र काढलं. वच्छलाबाई मान वर ठेवून मंडपाकडे सरळ पाहत राहिल्या.

"भंडाऱ्याहून साहेब आले होते," गंगा वाचत होती. "त्यांनी विचारलं, वनरक्षक तुमच्याकडे येतो का? मी म्हटलं, येतो. परवा आला तेव्हा दोन्ही हातांत फळा होता. साहेबांनी वहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही. शामकला, खरं सांगते, तसं काही नाही. आणि असतं, तरी मी उमराव पाटलांना विचारून केलं नसतं."

आधी टोलीच्या बायका हसल्या. मग गावातल्या बायका, पदर तोंडाला लावून, फोटोकडे चोरून बघत. दुर्गेश हसला नाही. पण तो खांबापासून हललाही नाही, आणि शेजारच्यानं त्याला काही विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझी आई आहे ती."

पत्र संपलं तेव्हा गंगानं कागदाची घडी केली आणि खाली उतरली. हिमांशु शाल घेऊन वच्छलाबाईंसमोर आला.

"मॅडम, तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं."

"तुला घरी बोलावून सांगितलं होतं."

"सगळ्या गावासमोर माझ्या आजोबांची..."

"तुझ्या आजानं खोली दिली ते खरं आहे. कुलूप लावलं तेही खरं आहे. तू दोन्ही सांग, मी तुझ्या शेजारी उभी राहीन." त्यांनी शालीकडे पाहिलं. "ही मला नको. पुढच्या वर्षी शिकणाऱ्या मुलीला दे."

हिमांशु शाल हातात घेऊन तसाच उभा राहिला. जेवणाच्या पंगतीत समितीतलं कोणी त्यांच्याशी बोललं नाही. वच्छलाबाई टोलीच्या बायकांमध्ये बसून जेवल्या. जेवताना एकीनं विचारलं की त्या योगराजाचं पुढं काय झालं. "त्याची बदली झाली, माझीही झाली, मला कामठ्याला पाठवलं," वच्छलाबाई म्हणाल्या. रीतानं हळूच विचारलं, "आणि खरंच तसं काही नव्हतं, आई?" त्यांनी भात कालवला. "पत्रात लिहिलंय तेवढंच," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत स्मरणिका टपालानं कुडव्याला आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर तलाव. रीतानं शिक्षकांची यादी दोनदा तपासली. वच्छलाबाईंचं नाव कुठंच नव्हतं. त्यांच्या आधीचे गुरुजी होते, नंतरचे होते. मधली दोन वर्षं जणू शाळाच नव्हती.

"ही तर हद्द झाली," रीता संतापून म्हणाली. दुर्गेशनं स्मरणिका घेतली, यादी वाचली आणि टेबलावर आपटली. "मी फोन करतो त्याला. आत्ता करतो."

"थांब," वच्छलाबाई म्हणाल्या. "फोनवर बोललेलं कोणाकडे राहत नाही. पेन दे."

बारीक आता दिसत नव्हतं, म्हणून अक्षर मोठं काढावं लागलं.

"चि. हिमांशु यास आशीर्वाद. स्मरणिका मिळाली. यादीत माझं नाव नाही, ते तू विसरला नाहीस हे मला माहीत आहे. तुझी भीती मला समजते, पण मान्य नाही. यादीचं नंतर बघू. आधी तलावाच्या पानाचं बघ. त्यात बांधणाऱ्याचं नाव आहे, माती वाहणाऱ्यांची नाहीत. ती नावं टोलीत अजून लोकांच्या तोंडी आहेत. तू स्वतः जाऊन विचार, माणूस पाठवू नको. गेलास की मला कळव. नाही कळवलंस तर मी पुन्हा लिहीन, आणि त्याची एक प्रत गंगाबाईंकडे जाईल. त्या मोठ्यानं वाचतात, हे तू ऐकलंच आहेस. वच्छला."

दुर्गेशनं पाकिटावर पत्ता घातला. "मी टाकून येतो पोस्टात," तो म्हणाला.

"टाक. आणि येताना आणखी पाकिटं घेऊन ये," वच्छलाबाई म्हणाल्या. "एकानं भागेल असं वाटत नाही."